रिझर्व्हवर भरवसा ठेवण्याआधी: स्कायडायव्हिंगची साधनं नवशिक्यांनी कशी समजून घ्यावीत

'रिझर्व्ह पण उघडलं नाही तर?' हा राखीव पॅराशूटबद्दलचा प्रश्न प्रत्येक नवशिक्या विचारतो. जाणकार माणूस बहुतेक वेळा त्यावर उलटा प्रश्न करतो, 'किती उंचीवर ओढलं होतं?' या एका प्रश्नात बरंच काही येतं. नीट घडी घातलेलं, वजनाला साजेसं आणि वेळेत ओढलेलं रिझर्व्ह आपणहून दगा देतं, असं फार क्वचित घडतं. ते उशिरा ओढलं जातं, बिघडलेल्या मेनमध्ये, म्हणजे मुख्य पॅराशूटमध्ये, गुंततं, किंवा जमिनीवरच कोणीतरी एखादी पिन वा पट्टी पाहायची राहून गेलेली असते. अमेरिकेतल्या यूएसपीए या स्कायडायव्हर्सच्या संघटनेच्या नोंदीनुसार 2023 मध्ये तिथे सुमारे 36.5 लाख उड्या झाल्या आणि 10 जण दगावले. अशा मृत्यूंचा मोठा हिस्सा तर पूर्ण उघडलेल्या, धडधाकट कॅनॉपीखाली (पॅराशूटच्या कापडी छत्राखाली), जमिनीजवळ चुकीचं वळण घेतल्यामुळे होतो.

खाली दिलेले आकडे मुख्यतः अमेरिकी नियमांचे, म्हणजे एफएए या सरकारी विमान वाहतूक संस्थेचे आणि यूएसपीएचे आहेत. दुसऱ्या देशात आणि दुसऱ्या ड्रॉपझोनवर (उड्यांच्या मैदानावर) आकडे थोडे इकडेतिकडे होतील. तिथे तिथल्या प्रशिक्षकाचा शब्द अखेरचा.

पाठीवर नेमकं काय असतं

हार्नेस आणि कंटेनर मिळून जे पाठीवर चढतं त्याला सगळे 'रिग' म्हणतात. कंटेनरला दोन कप्पे असतात. वरच्यात रिझर्व्ह, खालच्यात मेन. तीन हँडलं अंधारातही सापडली पाहिजेत. पहिलं, मेनच्या पायलट चूटचं (मेनला ओढून काढणाऱ्या छोट्या पॅराशूटचं), कंटेनरच्या तळाशी उजव्या बाजूला. दुसरं, कटअवेचं, छातीच्या उजव्या बाजूला. ही बहुधा लाल किंवा नारिंगी मऊ उशी असते आणि ती ओढली की मेन अंगापासून सुटतं. तिसरं रिझर्व्हचं, छातीच्या डाव्या बाजूला, धातूचं किंवा तेही उशीसारखं. काही जुन्या किंवा विद्यार्थ्यांसाठीच्या रिगवर कटअवे आणि रिझर्व्ह एकाच हँडलवर असतात. रिग बदलली की सवय बदलावी लागते, म्हणून उसनी रिग अंगावर चढवण्याआधी हे विचारून घ्या.

आता खांद्याजवळची तीन कड्यांची जोडणी. ती प्रत्यक्ष हातात धरून पाहावी अशीच आहे. 1970 च्या दशकात बिल बूथ यांनी ती काढली आणि आज जवळपास प्रत्येक रिगवर ती दिसते. सगळ्यात मोठं कडं हार्नेसवर शिवलेलं असतं. मधलं आणि लहान कडं रायझरवर, म्हणजे कॅनॉपीच्या दोऱ्या हार्नेसला जोडणाऱ्या पट्टीवर. मधलं कडं मोठ्यातून जाऊन वर दुमडतं, लहान कडं मधल्यातून जाऊन वर दुमडतं, आणि एक पांढरा दोरीचा लूप फक्त लहान कड्यावरून येऊन रायझरमधल्या भोकातून पलीकडे निघतो. पलीकडे त्या लूपमधून पिवळी केबल गेलेली असते. कॅनॉपीचा सगळा भार प्रत्येक कड्याला कमी कमी होत त्या लूपवर नाममात्र उरतो, त्यामुळे गरगर फिरणारं मेनसुद्धा हाताच्या एका ओढीत सुटतं. तपासताना नियम एकच: प्रत्येक कडं खालच्या फक्त एका कड्यातून गेलेलं असावं आणि पांढरा लूप फक्त सगळ्यात लहान कड्यावरून. लूप चुकून मधल्या कड्यावरूनही गेला असेल तर हे गणितच कोसळतं. मग केबल ओढायला दुप्पट-तिप्पट जोर लागतो, किंवा रायझर सुटतच नाही.

ही जोडणी महिनाभर न उलगडता पडून राहिली तर पट्ट्या वाकलेल्या आकारात कडक होतात. म्हणून साधारण दर 30 दिवसांनी ती सोडवायची, पट्ट्या हातांनी मागेपुढे वाकवून मऊ करायच्या, पिवळी केबल स्वच्छ कापडानं पुसायची आणि कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलं असेल तरच सिलिकॉन तेलाचा अगदी पुसट हात द्यायचा. धुळीच्या ड्रॉपझोनवर हे आणखी लवकर करा.

ओढल्यापासून उघडेपर्यंत

रिझर्व्हचं हँडल ओढलं की केबलच्या टोकाची पिन क्लोजिंग लूपमधून, म्हणजे कप्पा बंद ठेवणाऱ्या दोरीच्या फासातून, निघते. कप्प्याच्या झडपा मोकळ्या होतात आणि दाबून बसवलेलं स्प्रिंगचं पायलट चूट उसळून बाहेर पडतं. त्याच्यामागे ब्रायडल, म्हणजे लांब रुंद पट्टी. तिच्या टोकाला फ्रीबॅग, आणि फ्रीबॅगमध्ये घडी घातलेली कॅनॉपी. दोऱ्या ताणल्या की फ्रीबॅगचं तोंड उघडतं आणि कॅनॉपी हवा घेते.

मेनशी तुलना केली की रिझर्व्हचा शहाणपणा कळतो. मेनचं पायलट चूट तुम्हाला हातानं हवेत फेकावं लागतं. रिझर्व्हचं स्प्रिंगनं आपणहून उडतं. मेनची बॅग कॅनॉपीला कायम बांधलेली असते, तर फ्रीबॅग कॅनॉपीला बांधलेलीच नसते, म्हणूनच तिचं नाव तसं. पायलट चूट तुमच्या पायात किंवा बिघडलेल्या मेनमध्ये अडकलं तरी ती रुंद ब्रायडल एकटीच वारा धरून बॅग ओढू शकते, आणि बॅग निघाली की कॅनॉपीवर कसलं बंधन उरत नाही. दोऱ्यांचंही तसंच. मेनच्या बहुतेक दोऱ्या रबरबँडमध्ये एकेक घडी करून खोचतात. रिझर्व्हच्या बहुतेक दोऱ्या फ्रीबॅगच्या खिशात मोकळ्या ठेवलेल्या असतात, आणि बॅगचं तोंड दोन घड्यांच्या एकाच अखंड लवचीक लूपनं बंद असतं. त्याची एक बाजू सुटली की दुसरीही सुटते. कापड वेगळं असतं. हल्लीची मेन हवा अजिबात न सोडणाऱ्या झेडपी कापडाची, घसरडी. रिझर्व्ह किंचित हवा सोडणाऱ्या कापडाचं, सात कप्प्यांचं, हळू आणि आज्ञाधारक उडणारं. त्यात मिजास नाही, कसरती नाहीत. तेच हवं.

अमेरिकी टीएसओ मानकानुसार कटअवेनंतर रिझर्व्ह सुमारे 3 सेकंदांत किंवा 300 फुटांच्या आत उडण्याजोगं उघडलं पाहिजे, आणि पिन ओढायला 22 पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण 10 किलोपेक्षा, जास्त जोर लागता कामा नये. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे उंचीचा हिशेब करताना लागतील.

पोटावर स्थिर पडत असताना पाठीमागे कमी दाबाची, घुसळणाऱ्या हवेची पोकळी तयार होते. पायलट चूट क्षणभर तिथेच घोटाळू शकतं. ओढल्यावर काहीच जाणवलं नाही तर डाव्या खांद्यावरून मागे पाहा. अंग तेवढं तिरकं झालं की वारा बदलतो आणि चूट निघून जातं.

रिझर्व्ह तुमच्या मापाचं आहे का

मेनचा आकार सगळे विचारतात, रिझर्व्हचा कोणी विचारत नाही. वास्तविक ज्या दिवशी रिझर्व्ह उघडावं लागेल त्या दिवशी तुम्ही घाबरलेले, खाली उंची कमी, आणि समोर दिसेल ते शेत. त्या दिवशी मोठं कापड हवं.

हिशेब सोपा आहे. तुमचं वजन 75 किलो, साधनांचं 12, एकूण 87 किलो, म्हणजे सुमारे 192 पौंड. त्याला कॅनॉपीच्या चौरस फुटांनी भागा. 230 चं मेन असेल तर 0.83, नवशिक्याला छान. 193 चं रिझर्व्ह असेल तर जवळपास 1, चालेल. स्वस्त मिळाली म्हणून घेतलेल्या छोट्या रिगमध्ये 143 चं रिझर्व्ह असेल तर 1.34, आणि तेवढ्या भाराची कॅनॉपी तुम्ही पूर्वी कधी उतरवलेली नाही. रिझर्व्हवरच्या छापील पट्टीवर कमाल वजन आणि कमाल वेग लिहिलेला असतो. ती मर्यादा कापड फाटू नये म्हणून आहे. नवशिक्याला ते झेपेल का, हा वेगळाच प्रश्न, आणि त्याचं उत्तर पट्टीवर सापडत नाही.

रिगर, कार्ड आणि लाल दोरा

रिझर्व्हची घडी तुम्ही घालत नाही. परवानाधारक रिगर, म्हणजे पॅराशूटची घडी आणि दुरुस्ती करणारा माणूस, ती घालतो, झडपा बंद करतो, पिनजवळ लाल दोऱ्याचं सील बांधून त्यावर आपली खूण उमटवतो आणि कार्डावर तारीख टाकून सही करतो. अमेरिकेत ही घडी 180 दिवस चालते. इतर काही देशांत ही मुदत वेगळी आहे, कुठे वर्षभरही. 180 दिवस म्हणजे सहा महिने असं धरून चालू नका. 1 मार्चची घडी 28 ऑगस्टपर्यंतच, 1 सप्टेंबरपर्यंत नाही. ड्रॉपझोनचा माणूस 30 ऑगस्टला विमानात बसू देणार नाही आणि त्याचं बरोबरच आहे.

कार्ड सहसा रिगच्याच छोट्या खिशात असतं. त्यावर तीन गोष्टी पाहा: शेवटची तारीख, रिझर्व्हचा अनुक्रमांक, आणि एएडीची (रिझर्व्ह आपोआप उघडणाऱ्या यंत्राची) मुदत. एका रिगचं कार्ड दुसऱ्या रिगच्या खिशात गेलेलं असू शकतं, म्हणून अनुक्रमांकाकडे दुर्लक्ष नको. परफॉर्मन्स डिझाइन्स कंपनी आपलं पीडी रिझर्व्ह 40 वेळा घडी घातल्यावर किंवा 25 वेळा वापरल्यावर कारखान्यात तपासायला पाठवा म्हणते. कॅनॉपीवरच्या पट्टीवर त्यासाठी चौकोन छापलेले असतात, रिगर एकेक भरत जातो. जुनी रिग विकत घेताना त्या चौकोनांवरून बरंच कळतं.

घडी मोडून परत घालताना रिगर काय शोधतो? कापडावर डाग, दोऱ्यांना घासण, पायलट चूटच्या स्प्रिंगचा जोर, लूपची झीज (तो दर वेळी नवाच बसवतात), ओढीचा जोर, आणि ओल. 1980 च्या दशकात काही गोल रिझर्व्हच्या जाळीत आम्ल तयार होऊन शेजारचं कापड कुजत असल्याचं आढळलं होतं. वरून ते कापड नवंकोरं दिसायचं. तेव्हापासून 'दिसायला ठीक आहे' या शब्दावर कोणी रिगर थांबत नाही.

एएडी: शेवटचा पहारेकरी, मदतनीस नव्हे

एएडी हे रिझर्व्हच्या कप्प्यातलं छोटं यंत्र. हवेच्या दाबावरून ते उंची आणि वेग मोजतं. फार खाली, फार वेगात असाल तर ते स्फोटक कटरनं क्लोजिंग लूप कापतं. पिन ओढावी लागत नाही. जर्मनीच्या एअरटेक कंपनीनं 1991 मध्ये सायप्रेस बाजारात आणलं आणि एएडी या प्रकाराला प्रतिष्ठा मिळाली. आज व्हिजिल, एम-2 अशी इतरही आहेत.

सायप्रेसच्या एक्स्पर्ट प्रकाराचे आकडे पाहा: वेग सेकंदाला 35 मीटरहून जास्त आणि उंची सुमारे 225 मीटर, म्हणजे 750 फूट. पोटावर पडताना वेग सेकंदाला 54 मीटरच्या आसपास असतो. म्हणजे कटर चालला तेव्हा जमीन जेमतेम 4 सेकंदांवर आहे. रिझर्व्हला वर सांगितलेले 300 फूट द्या, उरलेल्यात तुम्हाला दिशा धरून उतरायचं आहे. एवढंच ते तुम्हाला देऊ शकतं.

आणि ते काय देऊ शकत नाही तेही पाहा. मेन अर्धवट उघडून गोल फिरत असेल आणि खाली येण्याचा वेग 35 मीटरच्या आत असेल तर एक्स्पर्ट एएडी गप्प बसेल, कारण त्याच्या लेखी सगळं ठीक आहे. 600 फुटांवर कटअवे करून रिझर्व्ह ओढायचं राहिलं तर ते यंत्र चालू होण्याइतका वेग यायलाच काही सेकंद जातात. विद्यार्थ्यांसाठीचा प्रकार सेकंदाला 13 मीटरवरच चालतो, म्हणून तो अधिक सावध. पण त्यामुळेच एक भलतं घडू शकतं: हवामान बिघडलं आणि विमान तुम्हाला घेऊनच खाली निघालं, तर 13 मीटर म्हणजे मिनिटाला सुमारे 2,560 फूट. टर्बाइन विमान त्याहून वेगात उतरू शकतं. मग विमानाच्या आतच रिझर्व्ह उघडेल. अशा वेळी प्रशिक्षक यंत्र बंद करायला सांगतो किंवा वैमानिकाला हळू उतरायला सांगतो. 'का' विचारत बसू नका, करा.

वापरताना पाळायचं एवढंच: एएडी जमिनीवर, जिथून विमान उडणार त्याच धावपट्टीपाशी सुरू करायचं, विमानात नाही. ते तिथला दाब शून्य मानतं. घाटावर घरी सुरू करून गाडीनं खाली आलात तर तो शून्य चुकीचा ठरतो. बंद करून पुन्हा सुरू करा. उतरण्याची जागा धावपट्टीपेक्षा उंच किंवा खोल असेल तर तो फरक यंत्रात भरावा लागतो. सायप्रेस 14 तासांनी आपोआप बंद होतं, त्यामुळे कालचं 'चालू' आज मोजायचं नाही.

आरएसएल वेगळी. ती मेनच्या रायझरपासून रिझर्व्हच्या पिनेपर्यंत गेलेली पट्टी असते. कटअवे केला की निघून जाणारा रायझर जाता जाता पिन ओढतो. यूएसपीए विद्यार्थ्यांना एएडी आणि आरएसएल दोन्ही बंधनकारक करते. स्कायहूकसारख्या जोडणीत तर सुटलेलं मेनच रिझर्व्हची बॅग ओढून काढतं, त्यामुळे उघडण्याचा वेळ आणखी घटतो. तरीही सराव नेहमी असा करा की आरएसएल नाहीच. कटअवेनंतर हात थेट चांदीच्या, म्हणजे रिझर्व्हच्या, हँडलवर.

उडीआधी: पाठीमागून पुढे

तपासणी तीनदा करायची. अंगावर चढवण्याआधी, विमानात चढण्याआधी आणि उडी मारण्याआधी. पहिली सावकाश, शेवटची झटपट.

1. रिग पालथी ठेवून वरची झडप उघडा. रिझर्व्हची पिन पूर्ण आत, वाकलेली नाही, सील शाबूत, केबल मोकळी. कार्डाची तारीख पाहा.

2. एएडीचा पडदा पाहा: चालू, चूक दाखवत नाही.

3. मेनची पिन पूर्ण बसलेली. क्लोजिंग लूपवर घासण दहाव्या हिश्श्याहून जास्त दिसली तर बदला. लूप काही रुपयांचा आहे, पण तो हवेत तुटला तर बॅग वेळेआधी बाहेर पडते. कोणी डोकं खाली करून ताशी 250 किलोमीटरनं पडत असताना असं झालं तर त्या वेगाला कापडही टिकत नाही.

4. पिनजवळच्या ब्रायडलवर छोटी खिडकी असते. तिच्यात रंगीत दोरी दिसली तर पायलट चूट 'कॉक' केलेलं, म्हणजे हवा धरायला तयार, आहे. खिडकी रिकामी असेल तर चूट हवेत मेलेल्या फुग्यासारखं मागे लोंबत राहील. मग घडी मोडल्याशिवाय दुसरा इलाज नाही.

5. समोरून: दोन्ही खांद्यांवरची कडी, आरएसएलचा खटका, छातीची दोन्ही हँडलं जागेवर आणि घट्ट. छातीचा पट्टा कड्यातून जाऊन उलटा परत आलेला असावा. नुसता सरळ ओवलेला पट्टा उभं असताना धरतो आणि उघडण्याच्या झटक्यात निसटतो. मांड्यांचे पट्टेही तसेच, शेपटं रबरात खोचून.

याची घोषणा तिनाच्या पाढ्यानं करतात: तीन कड्यांची जोडणी, तीन पट्टे, तीन हँडलं.

कपड्यांचं म्हणाल तर पुण्याच्या शीतल महाजन यांनी 2018 मध्ये थायलंडमध्ये चक्क नऊवारी नेसून उडी मारली होती. कपडा कोणताही असो, हँडलवर येता कामा नये आणि फडफडून हाताच्या वाटेत येता कामा नये. नवशिक्याला अंगाबरोबरचा जंपसूटच बरा. कडक हेल्मेट, गॉगल, मनगटावरचं अल्टिमीटर. कानातलं बीप देणारं अल्टिमीटर सोय म्हणून ठेवा. वाऱ्यात ते ऐकू येईलच असं नाही.

विमानात पाठ खिडकीच्या चौकटीला घासू देऊ नका. दार उघडल्यावर तर हँडलं हातानं झाकूनच हला. उघड्या दाराजवळ कोणाचं रिझर्व्ह सुटलं तर ते शेपटीला गुंडाळून विमानासकट सगळ्यांना अडचणीत आणू शकतं.

बिघाड बहुतेक वेळा घडीतच पेरलेला असतो

रिझर्व्हची घडी रिगरची, पण मेनची तुमची. मेनचा बिघाड टळला की रिझर्व्हचा प्रश्नच येत नाही, म्हणून अर्धा तास जास्त गेला तरी घाई नको.

क्लोजिंग लूप फार घट्ट असेल किंवा चूट कॉक केलेलं नसेल तर चूट बाहेर जातं पण पिन निघत नाही, आणि ते मागे ओढलं जात राहतं. ब्रायडल पिनेभोवती चुकीची फिरवली तरी तेच. दोऱ्यांच्या घड्या असमान घातल्या, एक बाजू सैल, एक घट्ट, तर बॅग गिरक्या घेते आणि दोऱ्यांना पीळ पडतो. रबरबँड फार सैल असतील तर दोऱ्या एका झटक्यात ओतल्या जातात, गाठी पडतात. फार घट्ट असतील तर बॅग उघडतच नाही. घडीची टोकं रबराबाहेर साधारण दीड-दोन इंच राहावीत, आणि सगळी रबरं एकाच जोराची असावीत. एखादं तुटलं म्हणून त्या जागी वेगळ्या मापाचं बसवू नका. शेवटच्या घडीपासून रायझरपर्यंत 45 ते 60 सेंटिमीटर दोरी मोकळी सोडा, नाहीतर बॅग कप्प्यातून निघण्याआधीच रबरं सुटायला लागतात. ब्रेकच्या (कॅनॉपी वळवायच्या आणि हळू करायच्या) दोऱ्यांना पीळ असेल तर प्रत्येक घडीत तो उलगडून घ्या. हातचं हँडल फिरत फिरत तो पीळ साठतो, आणि पुढे त्याचीच गाठ होते.

उघडल्यावर तीन प्रश्न, आणि एक उंची

यूएसपीएच्या नियमांनुसार विद्यार्थी आणि ए (पहिल्या पायरीच्या) परवानाधारकानं निदान 3,000 फुटांवर मेन उघडायचं (विद्यार्थी प्रत्यक्षात 5,000 च्या आसपास उघडतात) आणि 2,500 फुटांवर निर्णय झालेला हवा. निर्णय 'होणार आहे' असं चालत नाही. पोटावर पडताना 1,000 फूट साधारण साडेपाच सेकंदांत जातात.

कॅनॉपीकडे पाहून विचारायचं: पूर्ण चौकोनी आहे का, स्थिर आहे का, दोन्ही बाजूंना वळते आणि ब्रेकला प्रतिसाद देते का. नुसता दोऱ्यांचा पीळ, स्लायडर (दोऱ्यांवरून खाली सरकणारा कापडी चौकोन) अर्ध्यावर, टोकाचे कप्पे बंद, या गोष्टी पुष्कळदा सुधारतात: रायझर ताणा, लाथा मारा, ब्रेक दोन-तीनदा खोल ओढा. पण 2,500 ला उत्तर 'नाही' किंवा 'बहुतेक' असेल तर मेन सोडायचं. मेनचं हँडल सापडत नसेल किंवा निघत नसेल तर दोन प्रयत्न, तिसरा नाही.

1. पाठीला कमान द्या, पाय मागे. कॅनॉपी फिरत असेल तर जितकी जमेल तितकी.

2. लाल हँडलकडे पाहा, पकडा. मग चांदीच्या हँडलकडे पाहा. नजर न टाकता हात फिरवला तर हार्नेसची पट्टीच हाती येते.

3. लाल हँडल आधी अंगावरून सोलून काढा, मग पूर्ण हात लांबवून खाली ओढा. अर्धवट ओढलं तर एकच रायझर सुटू शकतो.

4. लगेच चांदीचं, तेही हात पूर्ण लांबवून.

5. वर पाहा. रिझर्व्ह पूर्ण उघडलं का, ब्रेक सोडा, वळवून पाहा, एकदा ब्रेक ओढून उतरण्याचा अंदाज घ्या.

पाठीवरून काहीच निघालं नसेल तर दोन पद्धती शिकवतात: थेट चांदीचं, किंवा आधी लाल मग चांदीचं. दोन्हींमागे तर्क आहे. तुमच्या शाळेत जी शिकवली तीच करा. पडताना वाद घालायला वेळ नसतो.

1,000 फुटांखाली मेन सोडायचं नाही. बिघडलेलं असलं तरी डोक्यावर काहीतरी कापड असतं, म्हणून ते सोडून न देता रिझर्व्ह ओढायचं, दुसरं कापड मिळतं. आणि उशिरा मेन ओढल्यामुळे एएडीनंही रिझर्व्ह काढलं आणि दोन्ही उघडली, तर घाईत काही सोडू नका. दोन्ही एकामागे एक उडत असतील तर पुढची हलक्या हातानं चालवा, ब्रेक सोडू नका, उतरताना खोल ब्रेक ओढू नका. दोन्ही एकमेकांपासून दूर जाऊन खाली डोकं करून झेपावत असतील तर मात्र मेन लगेच सोडायचं.

रिझर्व्हवर उतरल्यानंतर

मेन आणि फ्रीबॅग वाऱ्यावर कुठे गेलं ते पाहा, पण त्यांच्या मागे झाडांत किंवा विजेच्या तारांत उतरू नका. हँडलं हातात राहिली असतील तर ठेवा. फ्रीबॅग आणि हँडलं दोन्ही महाग आणि मिळायला वेळ लागतो. एएडी चाललं असेल तर नवा कटर लागेल. रिगरला सांगा की वापर झाला, म्हणजे तो पट्टीवरचा चौकोन भरेल.

स्वतःची रिग: बाजार, पावसाळा, विमानतळ

पहिली रिग विकत घेण्याची घाई नको. परवान्यापर्यंत भाड्यानं उडा, मग माप कळतं. जुनी घेताना पैसे देण्याआधी तुमच्या ओळखीच्या रिगरला ती उघडायला सांगा. विकणाऱ्याच्या रिगरला नको. कंटेनर आणि रिझर्व्हच्या निर्मितीची तारीख, एएडीची उरलेली वर्षं, मेनच्या दोऱ्यांची अवस्था यांवर किंमत ठरते. एएडीची तीन वर्षं उरली असतील तर किंमतीत नव्या यंत्राचा खर्च आधीच मिळवा.

महाराष्ट्रात ठेवायची तर शत्रू दोन: दमट हवा आणि ऊन. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कपाटात बंद रिगवर बुरशी धरते. हवा खेळणाऱ्या, सावलीतल्या खोलीत, जमिनीपासून वर ठेवा, उंदरांपासूनही. उन्हात वाळवू नका, अतिनील किरणांनी नायलॉन दुबळं होतं. गाडीच्या डिकीत ठेवू नका, तिथे उष्णता, आणि बॅटरीचं आम्ल सांडलेलं असेल तर नायलॉन विरघळतं. खाऱ्या पाण्यात पडली तर गोड्या पाण्यानं धुणं हे काम रिगरला विचारूनच.

परदेशात शिकायला जाताना, आणि बहुतेक मराठी विद्यार्थ्यांना थायलंड, दुबई, स्पेन किंवा अमेरिकेतच जावं लागतं, रिग शक्यतो केबिन बॅगेतच न्या. आतल्या कटरमध्ये स्फोटकाचा अंश असतो म्हणून एएडी कंपनीनं दिलेलं एक्स-रे कार्ड वर, हाताशी ठेवा, आणि विमान कंपनीला आधीच विचारून घ्या. सुरक्षा तपासणीत शांतपणे सांगा की हे पॅराशूट आहे आणि छातीवरची हँडलं ओढायची नाहीत. उघडून दाखवाच म्हणाले तर खालचा, मेनचा कप्पा स्वतःच्या हातानं उघडून दाखवा. वरच्या कप्प्याला हात लागला, लाल दोरा तुटला किंवा पिन सरकली, तर पोचल्यावर पहिलं काम रिगर शोधणं. तोवर ती रिग उडीसाठी बाद.